तळ्याची वहिवाट

लिलावाची हातोडी अजून पडायची आहे. शहर पॅरिस, तारीख २३ जानेवारी २०१०. जुन्या गाड्यांच्या ‘रेत्रोमोबिल’ प्रदर्शनात बॉनॅम्स कंपनीचा लिलाव चालू आहे आणि तुम्ही गर्दीतून वाट काढत पुढे आला आहात. आजूबाजूला आरशासारख्या लखलखीत गाड्या आहेत, पण लोक त्यांच्याकडे पाठ करून उभे आहेत. सगळ्यांच्या नजरा एका गंजलेल्या सांगाड्यावर खिळल्या आहेत.

जवळ जा. पत्रा गेरूच्या रंगाचा झालाय, त्याचे पापुद्रे सुटलेत. एक कूस बऱ्यापैकी शाबूत आहे. दुसऱ्या कुशीला पत्र्याची नुसती जाळी उरलीय, तिच्यातून पलीकडे उभ्या माणसाचे बूट दिसतात. तुमचा हात पुढे जातो आणि थांबतो, कारण बोट लागलं तर तेवढा तुकडा गळून पडेल अशी धास्ती वाटते. शेजारची पाटी सांगते: बुगाटी टाइप २२ ‘ब्रेशिया’, १९२५, चासी क्रमांक २४६१.

अंदाज होता ७० ते ९० हजार युरोंचा. आकडा बघता बघता लाखावर जातो, दोन लाख ओलांडतो आणि कमिशन धरून २,६०,५०० युरोंवर थांबतो. नवा मालक कॅलिफोर्नियाचा संग्राहक पीटर मुलिन. हातोडी पडते. हा या गाडीचा एक फेरफार, आणि तुम्हाला इथून उलट्या पावली जायचं आहे.

फेरफार हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव कधी लागलं, कधी कमी झालं, हे जसं फेरफारावरून कळतं, तशी गाडीचीही वंशावळ कागदावर असते. आमच्या घरी आलेली पहिली गाडी म्हणजे जुनी फियाट, आमच्याआधी दोन मालक पाहिलेली. ती दारात उभी राहिली त्या संध्याकाळी वडिलांनी आम्हा भावंडांना तिचं आरसी बुक वाचून दाखवलं. पहिलं नाव सांगलीच्या एका डॉक्टरांचं, मग साताऱ्याच्या एका व्यापाऱ्याचं, मग आमचं. पुढच्या खणात आईला औषधाच्या बाटलीचं एक बूच सापडलं. “हे डॉक्टरांचं असणार,” ती म्हणाली आणि तिने ते तिथेच परत ठेवलं. गाडी विकेपर्यंत ते बूच तिथे होतं. तेव्हापासून जुनी गाडी दिसली की तिच्या वेगाआधी मला तिची माणसं आठवतात. या सांगाड्याची माणसं शोधायला म्हणूनच तुम्हाला सोबत घेतलंय.

रविवार, १२ जुलै २००९. गाव आस्कोना. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटालियन बोलणाऱ्या तिचीनो प्रांतात, माज्जोरे सरोवराच्या काठी ते वसलंय. तुम्ही काठावर आहात आणि पाय ठेवायला जागा नाही. हजारो माणसं जमलीत. लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसलीत. क्रेनचा दोर ताणला जातो, पाणी हलतं, आणि आधी एक चाक वर येतं. मग सगळी गाडी, गाळाने माखलेली, अंगातून शेकडो धारांनी पाणी गाळत.

उजनी धरणाचं पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ भीमेच्या पात्रात उघडं पडतं, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं ते बघायला जातात. त्यांतल्या म्हाताऱ्यांचे डोळे शिखरावर असतात, पण बघत असतात ते दुसरंच काही. आस्कोनाच्या गर्दीतही तुम्हाला तसे डोळे दिसतील. ‘तळ्यात एक गाडी आहे’ हे वाक्य ही माणसं लहानपणापासून ऐकत आली होती.

गाडी वर काढली ती गावातल्या पाणबुड्यांच्या मंडळाने. वर्षानुवर्षं ते तिला खाली जाऊन भेटत होते. ती तिथेच असावी, हीच त्यांची इच्छा होती. पण २००८च्या फेब्रुवारीत शेजारच्या लोकार्नोच्या कार्निव्हलमध्ये त्यांच्यातल्याच एकाच्या तरुण मुलाला बेदम मारहाण झाली आणि तो गेला. तरुणांमधल्या हिंसेविरुद्ध काम करणारा निधी त्याच्या नावाने उभा करायचं ठरलं. मंडळाकडे विकण्याजोगी मोलाची चीज एकच होती. पाणबुडे महिनोन्‌महिने खाली जाऊन गाळ उपसत राहिले. पॅरिसची ती बोली कशासाठी होती, ते आता तुम्हाला कळलं. लिलावातल्या किती जणांना त्या मुलाचं नाव ठाऊक होतं, हा विचार मला सोडत नाही.

आता पाण्यात उतरायचं. ऑगस्ट १९६७.

तुमच्या पुढे उगो पिलोन नावाचा पाणबुड्या आहे. गावातली कुजबुज त्याने ऐकलीय आणि ती खरी की खोटी, हे त्याला एकदाचं बघायचंय. पहिल्या काही मीटरांतच लाल रंग नाहीसा होतो. तुमच्या हातावरचा ओरखडा काळपट दिसायला लागतो. मग पिवळा जातो, उरतो एक हिरवट अंधार. खोली ५० मीटरांच्या पुढे गेली की अंगावरचा दाब वरच्यापेक्षा सहापटीने जास्त असतो. श्वासातला नायट्रोजन डोक्यात नशेसारखा चढतो, साधी बेरीज जमत नाही. इथे थांबायला मिळतात मोजकी मिनिटं. वर जाताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं, नाहीतर रक्तात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर पडतो.

विजेरीचा झोत तळावर फिरतो. गाळ, गाळ, आणि मग एक सरळ रेघ. तळ्याच्या तळाशी सरळ रेघ आपोआप होत नाही. पिलोन तिच्यावरून हात फिरवतो, गाळाचा ढग उठतो, तो बसेपर्यंत तुम्ही दोघं अधांतरी तरंगत राहता. ढग निवळतो. ५३ मीटर खोलीवर, एका कुशीवर कललेली, अर्धी गाळात रुतलेली मोटार.

जी कूस पाण्यात उघडी होती तिला पाण्यातल्या प्राणवायूने थोडं थोडं करून खाल्लं. जी गाळात गेली, तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही. आल्प्समधून उतरणारं हे पाणी गोडं आणि खोलवर बारमाही गार, त्यामुळे खाण्याची गतीही मंद. समुद्र असता तर पिलोनच्या झोतात काही आलं असतं का, शंकाच आहे. आणि हीच गाडी उन्हात आल्यावर जास्त धोक्यात आली, कारण पाणी प्यालेलं लोखंड हवेत झपाट्याने गंजतं.

मालकीचा प्रश्न मला इथे, तळाशी, सगळ्यात जवळून भिडतो. ही गाडी तयार झाली १९२५ला आणि पाण्यात गेली १९३६ला. म्हणजे माणसांच्या हातात ती जेमतेम अकरा वर्षं होती. तळ्याकडे ती ७३ वर्षं होती. आपल्याकडे जमिनीवरच्या १२ वर्षांच्या अखंड, उघड कब्जालाही कायद्यात वजन आहे. कागदावर नावं कोणाकोणाची असोत, वहिवाट या तळ्याची. मुलिनने तिला ऑक्सनार्डच्या आपल्या संग्रहालयात नेल्यावर ती दुरुस्त केली नाही, रंगवली नाही, जशी वर आली तशीच मांडली. हे त्याने फार बरोबर केलं असं मला मनापासून वाटतं. पत्रा ठोकून, नवे भाग घालून, निळा रंग चढवून तिला पुन्हा धावती करता आली असती, पण मग सगळ्यात मोठ्या वहिवाटदाराचं नावच खोडलं गेलं असतं. पुढे २०२३मध्ये मुलिन गेला आणि २०२४च्या सुरुवातीला त्याचं ते संग्रहालयही बंद झालं. माणसांचे फेरफार असे पटापट होतात.

वर चला, पण काठावर पोचाल ते १९३६ साली.

पुन्हा आस्कोनाच. एका बांधकाम ठेकेदाराचं आवार. विटांच्या थप्प्या, चुन्याची पोती, आणि एका कोपऱ्यात हीच बुगाटी, धुळीने भरलेली, टायर बसलेले. गाडी फ्रान्सची, आणि स्वित्झर्लंडमध्ये आणल्यावर तिच्यावर जी आयात जकात भरायला हवी होती ती कोणी भरलेली नाही. जकातीचे अधिकारी मागे लागलेत. ज्याच्याकडून ती वसूल करायची तो माणूस गाव सोडून गेलाय. गाडी ११ वर्षांची, जुनी, आणि जकातीची रक्कम तिच्या किमतीहून जास्त.

आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात डोकवा. जप्त केलेल्या मोटारसायकली एकमेकींवर कललेल्या, त्यांच्या चाकांतून गवत उगवलेलं, टाकीवर चिमण्यांची शिट. दंड भरून सोडवावी तर दंड गाडीपेक्षा मोठा, आणि सोडून द्यावी तर कोणी सोडू देत नाही. दर पावसाळ्यात त्या थोड्या आणखी खाली बसतात. मला ते दृश्य बघवत नाही, कारण त्यातली प्रत्येक गाडी कोणीतरी पहिल्या दिवशी हार घालून घरी आणलेली असते.

आस्कोनात मात्र वेगळा मार्ग निघाला. माल नष्ट झाला तर जकात कशावर लावणार? तुम्ही आवाराच्या फाटकाशी उभे आहात. कामगार गाडी ढकलत बाहेर काढतात. रस्ता उताराचा, ती आपणहून वेग घेऊ बघते, एकजण धावत पुढे जाऊन तिला अडवतो. काठावर तिला जाड साखळी बांधतात. आणि मग सोडतात पाण्यात.

त्या साखळीकडे नीट बघा. बुडवायचीच होती तर बांधली कशाला? बांधली, कारण कोणाच्या तरी मनात ती परत काढायची होती. जकातवाल्यांचा ससेमिरा संपला की ओढून घेऊ, पुसून घेऊ, चालवू. साखळीला पाण्याखाली लोंबकळणारी ती गाडी म्हणजे बुडवून ठेवलेली आशा होती. पण वर्षं गेली, युद्ध आलं, साखळी गंजली, आणि एके दिवशी तुटली. तो आवाज कोणी ऐकला नाही. गाडी उतारावरून घसरत खोल गेली.

गाव सोडून गेलेला तो माणूस कोण? शोध घेणाऱ्यांच्या हाती जो धागा लागला, तो झुरिकमध्ये जन्मलेल्या, पोलिश वंशाच्या एका वास्तुकाराकडे जातो. १९३३ ते १९३६ तो आस्कोनात राहत होता. ठेकेदाराच्या आवारात त्याची गाडी उभी असणं अगदी स्वाभाविक. वास्तुकाराचं आणि ठेकेदाराचं रोजचं येणंजाणं. त्याने १९३६ला गाव सोडलं, आणि गाडी पाण्यात गेली तीही १९३६लाच.

आता दुसरी गोष्ट, जी सगळ्यांना जास्त आवडते. पॅरिस, १९३४. धुराने भरलेली खोली, पत्त्यांचं टेबल. एका बाजूला रेने ड्रेफ्युस, १९३०ची मोनॅको ग्राँप्री बुगाटीने जिंकलेला शर्यतपटू. दुसऱ्या बाजूला आडालबेर बोदे नावाचा एक शौकीन स्विस. पोकरचा डाव चढत जातो, पैसे संपतात, आणि ड्रेफ्युस गाडीची किल्ली टेबलावर टाकतो. तो हरतो. बोदे जिंकलेली गाडी घेऊन घराकडे निघतो, स्विस जकात नाक्यावर अडतो, खिशात पैसे नाहीत, गाडी तिथेच टाकून जातो.

तुम्हाला त्या टेबलाशी नेलं असतं, पण माझा पाय तिकडे वळत नाही. पॅरिसहून स्वित्झर्लंडला येणारा माणूस देशाच्या पश्चिमेकडून किंवा उत्तरेकडून आत शिरेल. आस्कोना आहे पार दक्षिणेला, आल्प्सच्या पलीकडे, इटलीच्या सरहद्दीजवळ. जकात भरायला पैसे नसलेला बोदे सरहद्द ओलांडून, गोटहार्डचा घाट चढून-उतरून इथपर्यंत आला कसा? इटलीमार्गे आला असं धरलं तर जमतं, पण पॅरिसहून निघालेल्याने एवढा वळसा का घ्यावा? आणि १९३४ला टाकून दिलेली गाडी दोन वर्षं थांबून १९३६ला का बुडवली? डाव रंगतदार आहे, पण मला जकातीची बाकी जास्त खरी वाटते. माणसं वस्तू गमावतात ती बहुधा एका रात्रीत नव्हे. न भरलेल्या रकमेपायी, पुढे ढकललेल्या कामापायी, हळूहळू.

आणि एक साक्षीदार आहे, जो गाडीबरोबरच पाण्याखाली होता. पितळेची एक लहान पट्टी.

त्या काळी फ्रान्समध्ये कायदाच होता: मोटारीवर मालकाचं नाव आणि पत्ता लिहिलेली धातूची पट्टी हवी. लोखंड गंजतं, लाकूड कुजतं, चामडं विरतं. पितळ काळवंडतं, पण टिकतं. पट्टीवरची अक्षरं पाण्यातून वाचण्याजोगी वर आली. नाव फ्रेंच, पत्ता पॅरिसचा. ते ना ड्रेफ्युसचं, ना बोदेचं. पट्टी बदलायची राहून गेली असं म्हणता येईल, मान्य. आमच्याही फियाटच्या मागच्या काचेवर साताऱ्याच्या दुकानाचा स्टिकर अनेक वर्षं होता. पण नाव सांगणारं पितळ एका पारड्यात आणि ऐकीव डाव दुसऱ्यात, तर माझं वजन पट्टीकडे.

म्हणून तुम्ही पॅरिसमध्ये थांबाल ते एवढ्याच क्षणापुरते: एका गल्लीतल्या कारखान्यात कारागीर पितळेच्या पट्टीवर एकेक अक्षराचा ठसा हातोडीने उठवतोय. मालक शेजारी उभा राहून बघतोय, स्पेलिंग बरोबर येतंय ना म्हणून. अक्षरं किंचित वरखाली झाली आहेत. दोघांनाही घाई आहे.

त्याच्याही मागे गाडीची पहिली नोंद आहे नॅन्सी शहराची, पूर्व फ्रान्समधल्या लोरेनची. नॅन्सीतून पूर्वेकडे निघा, व्होजच्या डोंगररांगा ओलांडा, आणि आल्सासच्या द्राक्षमळ्यांत उतरा. १९१८पर्यंत हा मुलूख जर्मनीत होता. युद्ध संपलं आणि माणसं, दुकानं, कारखाने जागच्या जागी फ्रेंच झाले. स्ट्रासबुर्गच्या पश्चिमेला मोल्सहाइम नावाचं छोटं गाव आहे, तिथे तुम्हाला पोचायचं आहे. साल १९२५.

एत्तोरे बुगाटी मिलानचा, कलावंतांच्या घरातला. बाप फर्निचर घडवणारा, धाकटा भाऊ प्राण्यांची शिल्पं करणारा. कारखान्याच्या आवारात उमदे घोडे आहेत आणि मालकाला त्यांचंही तेवढंच वेड. ‘ब्रेशिया’ हे नाव इटलीतल्या गावाचं. १९२१ला तिथल्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत त्याच्या गाड्यांनी पहिले चारही क्रमांक पटकावले आणि तेव्हापासून गावाचं नाव गाडीला चिकटलं. एव्हाना त्याचं लक्ष शर्यतीच्या मोठ्या टाइप ३५कडे गेलंय. ब्रेशियाचे दिवस भरत आलेत, तरी तिचं काम हयगयीने होत नाही.

इंजिन बघा. चार सिलिंडर, जेमतेम दीड लिटर, पण व्हॉल्व्ह सोळा. एकेका सिलिंडरला चार. वर एकच कॅमशाफ्ट, आणि त्याची ढकल व्हॉल्व्हपर्यंत पोचवायला केळ्यासारखे वळणदार तुकडे बसवलेत. एका कारागिराने त्यांतला एक चिमटीत धरून उजेडाकडे नेलाय. वळणावर अंगठा फिरवतो, मान हलवतो, कानशीने दोनदा घासतो, पुन्हा अंगठा फिरवतो. तुम्ही त्याच्या इतके जवळ आहात की कानशीचा बारीक कीस त्याच्या नखांत अडकलेला दिसतो. त्याचं नाव कुठल्याही कागदावर लागणार नाही.

शेजारच्या बाकावर दुसरा माणूस आकड्यांचे ठसे निवडतोय. दोन, चार, सहा, एक. चार ठोके पडतात.

दुपारी चासी बाहेर काढतात. अंगावर अजून पत्रा नाही, बसायला नुसती एक फळी. गिअरचा आणि ब्रेकचा दांडा उजव्या बाजूला, उघड्यावर. एकजण पुढे वाकून हँडल मारतो. पहिल्यांदा नुसता उसासा. दुसऱ्यांदा एक ठसका. तिसऱ्यांदा चारही सिलिंडर एकदम बोलतात आणि आवारातला एक घोडा कान टवकारतो. चालक फळीवर बसतो, दांडा ओढतो, आणि गाडी फाटकातून बाहेर पडते, ओल्या रस्त्यावर दोन बारीक चाकोऱ्या उठवत. मालकाच्या पट्टीसाठी स्क्रूची भोकं अजून पाडलेली नाहीत.